मिठाच्या पुडीवर तारीख

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले, की आमच्या सहकारनगरच्या हृदय-गटाला सहा वर्षं झाली. त्यावर पत्रं आली, ती कौतुकाची थोडी आणि तक्रारींची भरपूर. पुण्यात राहून वेगळी अपेक्षा नव्हतीच. त्यातली पाच निवडली आहेत. नावं गाळली, भांडणं तशीच ठेवली.

प्रश्न : मी कोथरूडमधल्या 84 फ्लॅटच्या सोसायटीचा सचिव आहे. जानेवारीत आम्ही मोफत तपासणी शिबिर घेतलं आणि लगेच ‘निरोगी हृदय’ असा 12 आठवड्यांचा वर्ग सुरू केला. रोज सकाळी साडेसहाला योगासनं, रविवारी आहारावर व्याख्यान. 61 जणांनी नावं दिली. पाचव्या आठवड्यात सातजण उरले आणि ते सातही आधीपासून रोज टेकडीवर जाणारे! फुकट मिळालं की लोकांना किंमत नसते. पुढच्या वर्षी फी लावावी असा ठराव येतोय. आपलं मत?

उत्तर : फी लावू नका. लावलीत तर या सातातले पाच उरतील आणि ते रोज पावती मागतील.

तुमचं पत्र वाचताना मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. दवाखाना बंद करून चार महिने झाले होते, हात शिवशिवत होते. मी एकटीने टेबलाशी बसून कार्यक्रम आखला. वेळ सकाळी साडेसहाची, कारण मी स्वतः साडेपाचला उठते. 40 नावं आली, दोन महिन्यांत नऊ उरली. माझाही निष्कर्ष तुमच्यासारखाच होता : लोक आळशी आहेत. हे मी पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना ऐकवत होते. त्या लाटणं न थांबवता म्हणाल्या, “बाई, साडेसहाला कोण येणार? साडेसहाला पाणी असतं.”

34 वर्षं मी लोकांना ‘सकाळी उठून चाला’ सांगत आले. पाण्याची वेळ, मुलांचा डबा, सासऱ्यांची आंघोळ यातलं काही कोणी मला कधी बोललं नाही. डॉक्टरांसमोर माणूस ‘हो’ म्हणतो आणि जिना उतरतो.

मग मी वही घेऊन दारोदार गेले. तीनच प्रश्न होते. मोकळे कधी असता? पायी कुठपर्यंत येऊ शकता? घरात काय शिजायचं ते कोण ठरवतं? बायकांची वेळ निघाली दुपारी चार ते पाच. वॉचमन म्हणाले, शिफ्ट बदलताना वीस मिनिटं मिळतात. संगणकवाल्या मुलांना शनिवारशिवाय जमणारच नव्हतं. आणि तिसऱ्या प्रश्नाने तर माझे डोळेच उघडले. ज्यांना रक्तदाब होता, त्यांच्यातल्या बहुतेक पुरुषांना घरात महिन्याला किती मीठ येतं याचा पत्ता नव्हता. मी आहारावर व्याख्यान देत होते ते अशा श्रोत्यांना, ज्यांनी आयुष्यात मिठाचा डबा उघडलेला नाही. डबा जिच्या हातात होता, ती त्या वेळी पाणी भरत होती.

व्याख्यानं बंद केली. त्याऐवजी एक उद्योग दिला : मिठाची नवी पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर बॉलपेनने तारीख घाला. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ. चारजणांचं घर धरलं तर दिवसाला 20 ग्रॅम. म्हणजे किलोची पुडी 50 दिवस पुरायला हवी, आणि पापड, लोणचं, फरसाण, खारी यांतलं मीठ या हिशेबाच्या बाहेरचं. आमच्याकडे पहिल्या फेरीत कुणाची 31 दिवसांत संपली, कुणाची 28. एका घरात तर 19 दिवसांत! त्या बाई रडवेल्या झाल्या, आणि मग आठवलं की अर्धा किलो कैरीच्या लोणच्यात गेलं होतं. त्या हशात जे कळलं ते माझ्या चाळीस तक्त्यांनी कळलं नसतं. तेलाच्या पिशवीवरही आता तारीख असते. आमचं प्रमाण महिन्याला माणशी अर्धा लिटर, आणि दिवाळीच्या महिन्यात सगळे एकमेकांना माफ करतात.

हे माझं डोकं चालवून सुचलेलं नाही. फिनलंडच्या पूर्वेला उत्तर करेलिया नावाचा भाग आहे. थंडी, जंगल, दूधदुभतं, आणि पावावर लोण्याचा जाड थर. तिथे ऐन कर्तेपणातले पुरुष हृदयविकाराने पटापट जायचे. 1971 मध्ये तिथल्या लोकांनीच सह्या करून सरकारकडे अर्ज केला की आमच्यासाठी काहीतरी करा. पुढच्या वर्षी काम सुरू झालं, प्रमुख होता पेक्का पुस्का नावाचा 27 वर्षांचा डॉक्टर. पत्रकं आणि भाषणं झालीच. पण गाडी रुळावर आली ती ‘मार्था’ नावाच्या गृहिणींच्या संघटनेमुळे. त्या बायकांनी गावोगाव ‘दीर्घायुष्याच्या पंगती’ घातल्या : नेहमीचेच पदार्थ, पण लोणी आणि मीठ कमी, भाज्या जास्त. खा, आवडलं तर कृती लिहून न्या. गावागावांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या स्पर्धा लागल्या. दुधावर पोट असलेले शेतकरी आधी चिडले, पुढे त्यांच्यातल्या काहींनी बेरीची फळं लावली. चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. त्यात औषधोपचार सुधारल्याचा वाटा आहेच आणि बाकीच्या फिनलंडमध्येही मृत्यू उतरले. पण लोणी कमी करायचं ते स्वयंपाकघरातच करावं लागतं, आणि ते तिथल्या मालकिणींनी केलं.

तेव्हा सचिवसाहेब, ठराव मागे घ्या आणि वही काढा. शिबिराच्या फायली कुठे आहेत तेही एकदा विचारा. माझा अनुभव, त्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पुढे लाइटबिलं जातात. शिबिरात ज्यांचा रक्तदाब जास्त निघाला, त्यांच्याकडे आठवड्याने कोण गेलं होतं? कोणीच नसेल तर ते शिबिर म्हणजे नुसती मोजणी झाली. आणि 61 नावांत वॉचमन किती, घरकामाच्या मावशी किती, गाड्या धुणारी मुलं किती? तुमच्या सोसायटीत दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्या माणसांना तुम्ही रहिवासी धरत नाही. पण ओठात तंबाखू आणि न मोजलेला रक्तदाब त्यांच्यातच जास्त सापडेल.

त्या सात टेकडीवाल्यांना मात्र बोल लावू नका. त्यांना प्रत्येकी दोन घरं वाटून द्या. काम एकच, खाली उभं राहून हाक मारायची. आमच्याकडे व्हॉट्सॲपचा गट होता. त्यावर रोज तीस गुलाब यायचे, माणूस एकही येत नसे. ‘अहो, येताय ना?’ ही खिडकीखालची हाक चुकवणं पुणेकरालासुद्धा जड जातं, कारण समोरच्या गॅलरीतले ऐकत असतात.

प्रश्न : माझे यजमान 54 वर्षांचे आहेत. सात महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयाने तीन महिन्यांच्या वर्गाला यायला सांगितलं होतं. दोनदा गेले आणि ‘तिथे सगळे म्हातारे’ म्हणून बंद केलं. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांनी नस उघडलीय, आता त्याला तूप खाऊ दे. मी काही बोलले की हे म्हणतात, “तू माझी नर्स नाहीस.” काय करू? (सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, आधी नस उघडण्याचं. पालखी यायच्या आदल्या रात्री रस्त्यावरचा एक मोठा खड्डा बुजवतात ना, तशी ती स्टेंट, म्हणजे नसेत बसवलेली जाळीची बारीक नळी, आहे. खड्डा बुजला, पालखी गेली, फार चांगलं झालं. बाकीचा रस्ता आहे तसाच आहे. तो गोळ्यांनी, तंबाखू सोडून, चालून, जेवणाने सांभाळायचा. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, बरं वाटतंय म्हणून तर नाहीच.

वर्गाचा उपयोग किती, हे प्रामाणिकपणे सांगते. आपल्याच देशातल्या 24 रुग्णालयांनी झटका येऊन गेलेल्या जवळजवळ चार हजार रुग्णांवर एक अभ्यास केला, तो 2020 मध्ये छापून आला. निम्म्यांना योगावर आधारलेले 13 वर्ग, निम्म्यांना नेहमीचा सल्ला. मृत्यू, पुन्हा झटका यांसारख्या मोठ्या घटनांत दोन्ही गटांत ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही. पण योगाच्या गटातल्यांना स्वतःची तब्येत अधिक बरी वाटत होती आणि ते आपल्या पूर्वीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. आणि 13 पैकी निदान 10 वर्गांना जे आले, त्यांच्यात त्या मोठ्या घटनाही कमी होत्या. आता, जो दहा वेळा येतो तो मुळातच नेटका आणि धडधाकट असणार, हेही खरं. तेव्हा चमत्कार म्हणून नको, पण दोनदा जाऊन सोडण्याइतकंही ते फुकाचं नाही.

‘सगळे म्हातारे’ ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. चोपन्नाव्या वर्षी एखाद्याला सत्तरीतल्यांच्या रांगेत बसवलं तर त्याला आजारापेक्षा ती रांग जास्त लागते. त्यांच्या वयाचा, कामावर परत गेलेला एखादा गाठून द्या. आणि शक्य तर रुग्ण म्हणून नेऊच नका. आमच्या गटात एक इलेक्ट्रिकचे कंत्राटदार आहेत. बायपास झालेली, बायकोने चार वेळा ओढून आणलं, चार वेळा पळाले. पाचव्यांदा मी त्यांना माइक दुरुस्त करायला बोलावलं. माइक दुरुस्त झाला आणि गृहस्थ पाच वर्षं टिकले. आता हजेरी तेच घेतात आणि माझ्यापेक्षा कडक घेतात.

आणखी एक. चिडचिड हा पुष्कळदा भीतीचा आवाज असतो. झटक्यानंतर रात्री झोप न लागणं, छातीत जरा काही झालं की घाम फुटणं, पूर्वीसारखे शरीरसंबंध ठेवता येतील का ही धास्ती, हे पुरुष बायकोला सांगत नाहीत. पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांबरोबर पाच मिनिटं एकटं सोडा. तुम्ही बाहेर मासिक वाचत बसा, हेच.

सासूबाईंना पथ्याची यादी दाखवू नका. त्यांच्या माहेरी रोज काय शिजायचं ते विचारा. भाकरी, पालेभाजी, कुळथाचं पिठलं, ताक. तूप वरणभातावर चमचाभर, तेही सणावारी. हे त्या स्वतः सांगतील, वर ‘आताच्या बायकांना येत नाही’ असंही म्हणतील. म्हणू द्यात. आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाक त्यांच्या माहेरचा करा.

प्रश्न : वय 71, उंची पाच फूट सहा इंच, वजन 58 किलो, चाळीस वर्षं तेच. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हृदयाचा कार्यक्रम होता. मुली टेप घेऊन प्रत्येकाची कंबर मोजत होत्या. मी साफ नकार दिला. बारीक माणसाचं काय मोजता? (सदाशिव पेठ)

उत्तर : बारीक माणसाचंच मोजायचं, आणि हे जगाला आपल्या पुण्याने शिकवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, दोघांचं अगदी एकच : 22.3. मात्र अंगातली चरबी मोजली तर इंग्रजांची 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के! हातपाय काडीसारखे, चरबी पोटात लपलेली. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून त्यांनी गरोदर बायका आणि बाळांचा अभ्यास केला, त्यात ही तऱ्हा जन्मापासूनच दिसली. आपली बाळं इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असलेली.

म्हणून वजनकाटा आपल्याला खोटा धीर देतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडे पुरुषाला 90 सेंटिमीटर आणि बाईला 80 ही मर्यादा धरतात. मुलींनी चारचौघांत टेप लावली हे रुचलं नसेल तर तसं संघात सांगा, ती तक्रार योग्य आहे. टेप घरी आणून मोजा आणि आकडा तेवढा कळवा. टेपला दुपारी एक ते चारही चालतं.

प्रश्न : रोज सकाळी दुधीचा रस घेतल्याने नसांतले अडथळे विरघळतात का? आमच्या बागेतल्या ग्रुपमध्ये सगळे घेतात.

उत्तर : नाही. आणि दुधी कडू निघाला तर त्यातलं द्रव्य विषारी असतं : उलट्या, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. कडू लागला की थुंका, ‘औषध कडूच असतं’ म्हणून गिळू नका. दुधीची भाजी करा, मूगडाळ घालून. बागेत चालत असाल तर चालत राहा, रसाचं श्रेय तुमच्या पायांचं आहे.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो, स्वारगेटला असतो. वय 46. सकाळी सात ते रात्री नऊ धंदा. तंबाखू आहे, वीस वर्षं. वडील 52 व्या वर्षी हार्टफेलने गेले. मुलीने तुमचं पान वाचून दाखवलं. बाई, तुमची टेकडी, बाग, हॉल हे आमच्यासाठी नाही. रिक्षातून उतरलो की धंदा जातो. आमच्यासाठी काय?

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि ते बरोबर आहे. हे पान आजवर ज्यांच्याकडे हॉल आहे त्यांच्यासाठी चाललं.

हृदय आणि हालचाल यांचा संबंध ज्या अभ्यासाने पहिल्यांदा ठळक दाखवला, तो तुमच्याच व्यवसायावर झालेला आहे. लंडनच्या दुमजली बसवर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्ये दाखवलं की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी होतो. बस तीच, शहर तेच. नंतर त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापंही काढली, तर ड्रायव्हरच्या विजारी कमरेला मुळातच मोठ्या! म्हणजे सगळा फरक जिन्याचाच असं नाही, पण जिन्याचा होताच.

तुम्ही ड्रायव्हरही आहात आणि कंडक्टरही, फक्त जिना नाही. तो मिळवायचा. आठवड्याला 150 मिनिटं भराभर चालणं हे सर्वसाधारण माप आहे, आणि ते एका दमात लागत नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. नंबर लागेपर्यंत स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सीएनजीची रांग हलत नसेल तर रिक्षाशेजारी उभं राहून. चालताना छाती दाबल्यासारखी झाली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर मात्र थांबायचं आणि आधी डॉक्टर गाठायचा. थांबूनही कळ जात नसेल, घाम फुटला असेल, तर स्वतः रिक्षा चालवत रुग्णालयात जायचं नाही. 108 ला फोन. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या धंद्यातली माणसं नेमकं तेच करतात.

पण आधी तंबाखू. 52 देशांत मिळून झालेला एक मोठा अभ्यास 2004 मध्ये आला. जगभरच्या पहिल्या झटक्यांपैकी बहुतेकांचा हिशेब नऊ गोष्टींत लागतो आणि तंबाखू त्यात अगदी वर आहे. चघळायच्या तंबाखूनेही धोका वाढतो हे त्यात दिसलं, म्हणजे ‘मी विडी ओढत नाही’ यात समाधान नाही. आपल्या भागात झटका इतरांपेक्षा लवकरच्या वयात येतो हेही दिसलं. तुमच्या वडिलांचं वय बघता तुम्ही या महिन्यातच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. तंबाखू सोडायला सरकारी मोफत फोन आहे, 1800-11-2356. एकट्याने सोडणं कठीण जातं, स्टँडवरचे दोघं-तिघं मिळून सोडा. पुडी मागायला हात पुढे येतो तो शेजारच्या रिक्षातूनच.

बाकी तुमचा दिवस मला ठाऊक नाही आणि इथे बसून मी तो आखणार नाही, एकदा तोंडघशी पडले आहे. स्टँडवर कितीजण असता, मंदीची वेळ कोणती, तेवढं मुलीकडून लिहून कळवा. रक्तदाबाचं यंत्र घेऊन मी येते. पण रिक्षाच्या सीटवर बसून तो नीट मोजता येत नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, पाच मिनिटं गप्प, असं बसावं लागतं. तेव्हा शेजारच्या चहावाल्याकडे पाठीची एखादी खुर्ची असेल तर विचारून ठेवा. पाच मिनिटं गप्प बसण्याचं तुमचं तुम्ही बघा.